जुन्या रस्त्याने कारंजा

मागील अंकात हे सदर आले नाही, म्हणून काही वाचकांनी आस्थेने विचारपूस केली. प्रकृती उत्तम आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस वडिलांना घेऊन पुण्याहून कारंजा लाडला जावे लागले आणि परत आल्यावर काही दिवस लेखणी हाती धरण्याची इच्छा झाली नाही, एवढेच कारण. आता त्या एका दिवसाविषयीच लिहितो.

कारंज्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. तेथे धाकटे काका आणि काकू राहतात. चौदा वर्षांपूर्वी आजी गेल्यानंतर वाटणी झाली. कापडाच्या दुकानाची बाजारभावाने किंमत ठरली आणि निम्मी रक्कम बाबांनी घेतली. ती देण्यासाठी काकांना कर्ज काढावे लागले. घर तेवढे दोघांच्या नावावर राहिले. त्या दिवसापासून दोघा भावांत बोलणे नव्हते. लग्नकार्यात समोरासमोर आले तर हात जोडत, ख्यालीखुशाली विचारीत आणि वेगवेगळ्या पंगतींत बसत. आता काका मुलाकडे नागपूरला जाणार, घर विकायला काढलेले, आणि बाबांच्या सहीवाचून व्यवहार पुरा होणार नव्हता. मी सुचवले की मुखत्यारपत्र करून द्यावे, पाचशे किलोमीटरचा प्रवास या वयात कशाला? बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. ते म्हणाले, ‘‘मी जाईन. पण जुन्या रस्त्याने.’’

माझा बेत निराळा होता. छत्रपती संभाजीनगरपर्यंत नेहमीचा रस्ता, तेथून समृद्धी महामार्गावर चढायचे आणि कारंज्याला उतरायचे, म्हणजे दुपारच्या चहाला घरी. जुना रस्ता जालना, सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव, शेलूबाजार असा गावागावांतून जातो आणि प्रत्येक गावात गतिरोधक, बाजार, ट्रॅक्टर व गुरे यांची हजेरी घेतो. मी ते बोलून दाखवले. बाबांनी ऐकून घेतले आणि पुन्हा म्हणाले, ‘‘जुन्या रस्त्याने.’’

पहाटे पाचला निघालो. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचे लोणचे आणि उकळून गार केलेले पाणी. काकूंचा निरोप आदल्या रात्रीच आला होता : जेवायला घरीच या, दिवस मावळण्याआधी पाने घेऊ. आमच्या घरात बाबांनी आणि तिकडे काकांनी रात्रीचे जेवण कधी केलेले नाही. मी पुण्याच्या नोकरीत हा नियम केव्हाच सोडला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सूर्यास्त सहाला एक मिनिट कमी असा छापलेला पाहून मी हिशेब केला होता. साडेपाचला पोहोचलो तरी अर्धा तास हाती.

शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर अंधारातच मागे पडले. सुपे ओलांडताना उजाडले. बाबांनी काच खाली घेतली. ‘‘एस.टी.ची पहिली गाडी याच रस्त्याने धावली, ठाऊक आहे? पुणे ते नगर.’’ १ जून १९४८ची ती गोष्ट. बाबा त्या वेळी दोन वर्षांचे होते, तेव्हा त्यांना ती आठवण्याचे कारण नाही. परंतु पुढे पन्नास वर्षे त्यांनी एस.टी.नेच हा प्रवास केला, त्यामुळे ती गाडी ते आपल्या ओळखीतलीच समजतात. नगरचे आता अहिल्यानगर झाले आहे आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर. मी नवी नावे उच्चारतो, बाबा जुनी, आणि फलकांवर कधी हे तर कधी ते दिसते. दिवसभर आमचा प्रवास असा दोन नकाशांवरून चालला होता.

नगरच्या पुढे जमीन सपाट होत जाते. ज्वारी गुडघ्याएवढी झालेली. घोडेगाव सोडल्यावर उसाचे फड सुरू होतात. कारखान्यांचा हंगाम असल्यामुळे दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध डुलत चाललेले. त्यांच्यामागे अडकलो की पुढचे दिसत नाही आणि मागचा भोंगा थांबत नाही. नेवासे फाट्यावर बाबांना थांबायचे होते. प्रवरासंगमच्या पुलावरही थांबायचे होते. तेथे प्रवरा गोदावरीला मिळते. पलीकडचा काठ कायगाव टोक्याचा, म्हणजे मराठवाडा. पूल ओलांडला की पूर्वी निजामाचे राज्य सुरू होई. बाबा कठड्याजवळ उभे राहून पाणी पाहत राहिले. मी घड्याळ पाहत राहिलो.

वाळूजच्या वसाहतीत पाऊण तास गेला. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

संभाजीनगरच्या बाहेर समृद्धीकडे वळण्याचा फलक आला तेव्हा मी गाडी थोडी हळू केली. बाबांनी माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. सरळ जालन्याच्या रस्त्याला लागलो. करमाड, बदनापूर आणि मग जालना. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आजी नेहमी म्हणे. सोने आता लोखंडाच्या रूपात आहे. सळयांनी लादलेले ट्रक शहराबाहेर रांगेने उभे होते. पण जालन्याचे दुसरे सोने बियाण्यांचे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये येथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि पुढे १९९८मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बाबा म्हणाले की त्यांच्या लहानपणी शेतकरी आपलेच बी राखून ठेवीत, दुकानातून बी विकत आणायचे ही कल्पनाच नवी होती. आजोबांच्या दुकानात कापड घ्यायला येणारे शेतकरी बोलता बोलता नव्या बियाण्याची चौकशी करीत, हेही त्यांनी सांगितले. आजोबांचे नाव निघाले की बाबा सहसा गप्प होतात. त्या दिवशी झाले नाहीत.

सिंदखेडराजा दुपारी पाऊणला आले. येथे थांबणे माझ्याही मनात होते, कारण रस्त्याच्या कडेलाच लखुजी जाधवांचा राजवाडा आहे. जिजाऊंचा जन्म याच गावी, १२ जानेवारी १५९८ला झाला. दरवर्षी त्या दिवशी येथे लाखोंची गर्दी लोटते. नोव्हेंबरच्या दुपारी मात्र दगडी दरवाज्यात दोन शाळकरी मुले आणि एक झोपलेले कुत्रे एवढाच परिवार होता. लखुजींची समाधी थोड्या अंतरावर आहे, भव्य आणि काळोखी. निजामशाही दरबारात १६२९मध्ये दगाफटक्याने त्यांचा आणि त्यांच्या मुलांचा वध झाला. समाधीच्या पायरीवर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. बाबांनी चटणीचा डबा मिटता मिटता विचारले, ‘‘घराचे किती येतील म्हणालास?’’

मी आकडा सांगितला. निम्म्याचा हिशेब मी महिनाभर मनात घोळवत होतो. मुलीच्या परदेशातील शिक्षणाचे पहिले वर्ष त्यातून निघत होते. बाबा नुसते ‘‘हं’’ म्हणाले.

दुसरबीड, बीबी, सुलतानपूर. घाटावरचा हा मुलूख फार पालटलेला वाटत नाही. काळी जमीन, दूरवर एखादी टेकडी, सोयाबीन निघून गेल्यावर मोकळी झालेली शेते आणि त्यांत नुकताच वर आलेला हरभरा. तूर मात्र पिवळ्या फुलांनी लदलेली. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. पाठीला ओटी बांधलेल्या बाया ओळीने पुढे सरकत होत्या. सुलतानपूरहून लोणारचा फाटा फुटतो. उल्केच्या आघाताने काळ्या कातळात पडलेले ते अठराशे मीटर व्यासाचे विवर दहा-बारा किलोमीटरवर होते. २०२०च्या जून महिन्यात त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली होती. मी म्हटले, ‘‘पाहून यायचे का?’’ एवढ्या ठिकाणी थांबलेले बाबा येथे नको म्हणाले. ‘‘मेहकरला थांबू.’’

तोवर माझ्या ध्यानात आले होते की ते थांबतात ते काही पाहण्यासाठी नव्हे. पोहोचणे जितके लांबेल तितके त्यांना हवे होते. हे लक्षात आल्यावर माझी चिडचिड कमी झाली, असे मात्र नाही.

मेहकर पैनगंगेच्या काठी वसलेले आहे. येथला शारंगधर बालाजी प्रसिद्ध. १८८८मध्ये जमिनीखाली सापडलेली ती काळ्या पाषाणाची उंच मूर्ती पाहायला दुरून लोक येतात. मला वाटले, बाबांना तेथे जायचे असेल. त्यांनी एस.टी. स्थानकाकडे गाडी घ्यायला सांगितली. तीन वाजून गेले होते.

स्थानकात शिरून ते इकडे तिकडे पाहू लागले. ते जे शोधत होते ते तेथे नव्हते. शेवटी एका सिमेंटच्या बाकावर बसले. मी चहा आणला. त्यांनी तो हातात धरून ठेवला आणि जे सांगितले ते मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो.

‘‘बहात्तर साली येथे असाच बसलो होतो. दुष्काळ होता. या सबंध रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसे खडी फोडीत बसलेली. बायका, पोरे, पाटील-देशमुखांच्या घरचीसुद्धा. दुकानाची उधारी वसूल होईना आणि त्यातच आपल्या आजोबांनी अंथरूण धरलेले. दोघांपैकी एकाने दुकानात बसायला हवे होते. मला पुण्याला नोकरी लागून दोन वर्षे झाली होती. तुझा काका अमरावतीला विज्ञानशाखेच्या दुसऱ्या वर्षात. हुशार होता, माझ्यापेक्षा पुष्कळ. चार दिवस घरात बोलणे झाले आणि कोणी काही ठरवले नाही. मी परत निघालो. तो मला सोडायला मेहकरपर्यंत आला, येथल्या एका व्यापाऱ्याकडे येणे होते म्हणून. गाडीला वेळ होता. तो म्हणाला, दादा, तुझे इंग्रजी चांगले आहे, कॉलेजात नाव काढायचा अर्ज लिहून दे. मी लिहून दिला. येथेच. गुडघ्यावर कागद ठेवून.’’

मी विचारले, ‘‘तुम्ही त्याला नको म्हणाला नाहीत?’’

‘‘नाही.’’

थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘‘वाटणीच्या वेळी दुकानाची किंमत काढली तेव्हा त्याने एकदाच म्हटले होते, दादा, माझी चाळीस वर्षे कोणत्या खात्यात धरली? मी म्हणालो, कायद्याने निम्मे निम्मे. कायद्याने ते बरोबरच होते. उद्या मी हक्कसोडपत्रावर सही करणार आहे. घराचा माझा भाग त्याच्या नावे. तुला आधी सांगायला हवे म्हणून येथवर थांबलो.’’

चहा गार झाला होता. तो तसाच टाकून आम्ही निघालो.

वाचकांपुढे स्वतःला थोर म्हणून उभे करण्यात अर्थ नाही. मेहकर ते मालेगाव या चाळीसेक किलोमीटरांत मी एक शब्द बोललो नाही. डोणगाव केव्हा आले आणि गेले ते कळले नाही. मनात मुलीच्या शुल्काचे आकडे होते, आणि त्याहून अधिक हा राग की मला विचारले का नाही. मग वाटले, विचारले असते तर मी काय म्हटले असते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. वडिलांना आपण इतके ठाऊक असावे, याचाही राग आला. मालेगावच्या चौकात कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. तेथे उभे असताना बाबा म्हणाले, ‘‘उशीर होतो आहे.’’ मी म्हटले, ‘‘सहापर्यंत वेळ आहे, दिनदर्शिकेत पाहिले आहे.’’

‘‘तो मुंबईचा सूर्यास्त,’’ बाबा म्हणाले. ‘‘कारंजा किती पूर्वेला आहे? एका रेखांशाला चार मिनिटे.’’

मुंबई सुमारे त्र्याहत्तर अंशांवर आणि कारंजा साडेसत्याहत्तरच्या आसपास. म्हणजे केवळ या फरकाने अठरा मिनिटे गेली. शिवाय कारंजा थोडे उत्तरेला असल्याने हिवाळ्यात आणखी दोन-तीन मिनिटे. घड्याळ साऱ्या देशाचे एक असले तरी सूर्य ते मानत नाही. शाळेत शिकलेला हा भूगोल मला कधी उपयोगी पडला नव्हता आणि त्या दिवशी पडायला हवा होता तेव्हा आठवला नाही. कारंज्याचा सूर्यास्त पाच अडतीसचा होता.

त्यानंतर मी गाडी जशी हाकायला नको तशी हाकली. शेलूबाजारच्या आधी डाव्या हाताला, दूर, समृद्धी महामार्गाचा भराव दिसला. त्यावरून गाड्या आवाज न करता सरकत होत्या. बाबांनी तिकडे बघून घेतले आणि काही बोलले नाहीत. आमच्यामागे सूर्य खाली आला होता. गाडीची लांबलचक सावली आमच्या पुढे धावत होती आणि तुरीच्या शेतांवर सगळीकडे तांबूस उजेड पसरला होता. असा उजेड मी फार वर्षांनी पाहिला. आवडला, असे त्या वेळी म्हणता आले नसते.

कारंज्याच्या वेशीजवळ शकुंतलेचे रूळ आहेत. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी १९०३मध्ये सुरू केली. १९९४पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता गाडी बंद आहे आणि रुळांत गवत माजले आहे. बाबा आणि काका लहानपणी तिच्यातून विनातिकीट मूर्तिजापूरला जाऊन येत, ही कथा आमच्या घरात शंभरदा सांगून झाली आहे. चौदा वर्षांत मात्र एकदाही नाही. गाव तसे मोठ्या लौकिकाचे. येथल्या भांडारांतल्या हस्तलिखितांतून अपभ्रंश भाषेतील विस्मृत काव्ये उजेडात आली आणि १९३१पासून ती कारंजा ग्रंथमालेतून छापून निघाली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण त्या संध्याकाळी आम्हाला त्यातले काही आठवले नाही. आम्ही फक्त पश्चिमेकडे पाहत होतो.

घरासमोर गाडी थांबली तेव्हा पाच सेहेचाळीस झाले होते.

काका ओट्यावर उभे होते. केस पार पांढरे झालेले. बाबा गाडीतून सावकाश उतरले. दोघे क्षणभर एकमेकांसमोर नुसते उभे राहिले आणि मग काका म्हणाले, ‘‘काहून उशीर केला, दादा? आम्ही कधीचे वाट पाहून राहिलो.’’

आत पाने मांडलेली होती. वरून ताटे झाकलेली. ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, कढी. काकू दारातून म्हणाल्या, ‘‘मी म्हटले यांना, तुम्ही तरी जेवून घ्या, वेळ चालली. तर ऐकायला तयार नाही.’’

बाबा म्हणाले, ‘‘तू जेवून घ्यायचे होतेस.’’

‘‘एकट्याने?’’ काका म्हणाले.

त्या रात्री त्या घरात कोणीच जेवले नाही. काकूंनी मला एकट्याला वाढायची तयारी दाखवली, कारण माझा नियम सुटल्याचे त्यांना माहीत होते. मी नको म्हटले. ताटे तशीच झाकून ठेवली गेली. दोघे भाऊ उशिरापर्यंत ओट्यावर बसले होते. मी आत अंथरुणावर पडून ऐकत होतो. अर्जाविषयी, घराविषयी एक शब्द निघाला नाही. गावातल्या कोणत्या जिनिंगचे काय झाले, कोण गेले, कोणाचा मुलगा कोठे आहे, एवढेच. मध्ये एकदा शकुंतलेचे नाव ऐकू आले आणि काका हसले.

सकाळी सूर्य वर आल्यावर दोघे एकाच पाटावर अवघडून बसले आणि जेवले. हक्कसोडपत्राचे बाबांनी तेव्हा सांगितले. काका रागावले. ‘‘मला भीक नको,’’ इथवर शब्द गेले. काकू रडल्या. बाबा दशमीचा तुकडा मोडीत म्हणाले, ‘‘भीक नाही. मेहकरचा अर्ज मी लिहिला होता ना, तोच खोडतो आहे.’’ काका बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी बाबांच्या पानात कढी वाढली. दुपारी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सह्या झाल्या. दोन साक्षीदारांपैकी एक मी होतो. मुलीला मी संध्याकाळी फोन केला. ती म्हणाली की तिने शिष्यवृत्तीचा अर्ज आधीच भरलेला आहे. ती मिळेल की नाही ते मार्चमध्ये कळेल.

परतताना आम्ही समृद्धीने आलो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये गाव नाही, बैल नाही, रसवंती नाही. वाहन चालवणाऱ्याला गुंगी येते म्हणतात, ते खरे आहे. मी खिडकी उघडून ठेवली होती. बाबा कारंजा सोडल्यावर थोड्याच वेळात झोपले आणि जालन्याच्या पुढे जागे झाले.

‘‘मेहकर गेले?’’ त्यांनी विचारले.

‘‘केव्हाच,’’ मी म्हटले.